शंभरातल्या सत्तर जणांनी काहीतरी भयंकर भोगलंय, मग ते दिसत का नाही?

मुक्तछंद
सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठासून लिहिलं होतं की ट्रॉमा वगैरे श्रीमंत देशांची थेरं आहेत, आपल्याकडे शंभरात दोघा-चौघांच्या वाट्याला असं काही येत असेल. तिथे विषय वेगळा होता म्हणून गप्प बसले. इथे आकडे मांडते, मग काय ते भांडू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य पाहण्यांमधून २०१६ साली एक मोठा निबंध आला. २४ देश, सुमारे ६९ हजार प्रौढ माणसं. रुग्णालयात आलेली नव्हेत, घरी बसलेली साधी माणसं. त्यांना २९ प्रकारच्या घटनांबद्दल एकेक करून विचारलं: जिवावरचा अपघात, मारहाण, बलात्कार, युद्ध, पूर-भूकंप, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, डोळ्यांदेखत कुणाचा जीव जाणं, अशी यादी. ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी आयुष्यात किमान एकदा असं घडल्याचं सांगितलं. सुमारे ३० टक्के लोकांच्या वाट्याला चार किंवा त्याहून जास्त घटना आल्या होत्या.

ट्रॉमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर युद्ध आणि बॉम्बस्फोट येतात. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त घटना पाचच प्रकारांत बसल्या: कुणाचा मृत्यू किंवा गंभीर इजा पाहणं, जिवलग अचानक जाणं, लुटलं जाणं, रस्त्यावरचा जीवघेणा अपघात, आणि स्वतःचं जिवावरचं दुखणं. आपल्या बिल्डिंगमधल्या कुठल्याही मजल्यावर सापडतील अशा गोष्टी.

आता दुसरा आकडा. त्याच पाहण्यांच्या मालिकेत पीटीएसडी, म्हणजे अशा घटनेनंतर मागे लागणारा, ती सारखी डोळ्यांसमोर आणणारा विशिष्ट मानसिक आजार, आयुष्यात कधीतरी झालेले लोक निघाले ३.९ टक्के. घटना भोगलेल्यांमध्ये मोजलं तर ५.६ टक्के. म्हणजे ढोबळमानाने शंभरातले सत्तर जण भोगतात आणि त्या सत्तरातल्या चौघांना हा आजार गाठतो. हे दोन आकडे लोक सर्रास एकात एक मिसळतात आणि मग एकतर 'सगळेच आजारी' असा गळा काढतात, नाहीतर 'कुणालाच काही झालेलं नाही' म्हणून मोकळे होतात.

मी आरोग्य पाहण्यांचं काम करते, गावोगावी प्रश्नावल्या भरून घेण्याचं. तिथे एक गोष्ट कायम दिसते. 'तुमच्या आयुष्यात काही भयंकर घडलंय का?' असं विचारलं की उत्तर येतं, 'नाही हो ताई, आमचं सगळं बरंय.' मग यादी एकेक करून वाचायला घ्या. पाण्यात बुडण्याच्या प्रश्नाशी बाई थांबते. 'हां, धाकटा दीर विहिरीत गेला होता. मीच पहिल्यांदा बघितलं.' आणि लगेच, 'पण त्याला लई वर्षं झाली.'

भारत त्या २४ देशांत नव्हता. म्हणूनच इथल्या लोकांचं काय म्हणणं आहे ते ऐकायचंय.

तळ्यातमळ्यात
सोमवार, रात्री १०:५०

ताई, लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मूळ मुद्दा पटला नाही. हल्ली सगळ्यालाच ट्रॉमा म्हणतात. बॉस ओरडला ट्रॉमा, ब्रेकअप झालं ट्रॉमा, दहावीला गणितात नापास झालो तोही ट्रॉमा. अशी व्याख्या ताणली तर सत्तर काय, शंभर टक्के येतील. माझ्या आजीने अकरा बाळंतपणं काढली, त्यातली चार पोरं तिच्या मांडीवर गेली. ती कुठल्या डॉक्टरकडे गेली नाही. नव्वदीपर्यंत खणखणीत जगली.

रानवारा
सोमवार, रात्री ११:०५

तळ्यातमळ्यात, चार पोरं मांडीवर गेली हे तुम्ही 'काही झालं नाही' याचं उदाहरण म्हणून देताय?

गणितवाला
मंगळवार, सकाळी ८:२०

धागा काढल्याबद्दल आभार. तळ्यातमळ्यात यांच्या शंकेत तथ्य आहे, पण ते सांगतात त्या जागी नाही. बॉस ओरडणं आणि ब्रेकअप या यादीत येतच नाहीत. घटनेत मृत्यू, मृत्यूची भीती, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा असावी लागते. खरा घोळ व्याख्येच्या कडेला आहे.

अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० साली पीटीएसडी पहिल्यांदा आपल्या नियमावलीत घेतला तेव्हा घटना 'माणसाच्या नेहमीच्या अनुभवाच्या पलीकडची' असली पाहिजे असं म्हटलं होतं. मग लोकांनी मोजायला सुरुवात केली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत ६१ टक्के पुरुष आणि ५१ टक्के स्त्रियांनी असं काही भोगल्याचं निघालं. निम्म्याहून जास्त लोकांना होतं ते नेहमीच्या अनुभवापलीकडचं कसं म्हणायचं? १९९४ च्या आवृत्तीत ती अट गेलीच होती. नव्या, रुंद व्याख्येने १९९८ साली डेट्रॉइट परिसरात मोजलं तर जवळपास ९० टक्के आले. त्यातली सगळ्यात मोठी घटना होती जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, ६० टक्के. मग २०१३ च्या आवृत्तीने ही कड पुन्हा आवळली: नातलगाचा मृत्यू हिंसक किंवा अपघाती असेल तरच मोजायचा, साध्या हार्ट अटॅकने गेला तर नाही.

म्हणजे एकाच देशात थोड्या वर्षांच्या अंतराने ५१, ६१ आणि ९० असे आकडे मिळतात, आणि तिन्ही प्रामाणिक आहेत. मुक्तछंद यांनी दिलेल्या पाहणीतही बल्गेरियात २८.६ टक्के आणि युक्रेनमध्ये ८४.६ टक्के आहेत. मधला सत्तरचा आकडा वापरताना हे अंतर लक्षात ठेवावं.

मुक्तछंद
मंगळवार, सकाळी ९:०२

गणितवाला, हो. आणि युक्रेनचा तो आकडा आत्ताच्या युद्धाच्या कितीतरी आधीचा आहे.

लोकलकाका
मंगळवार, दुपारी १:३०

मी इथे फारसा लिहीत नाही, बहुतेक वाचतो. मुंबईत लोकलचा मोटरमन होतो, आता निवृत्त.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात. बरीचशी रूळ ओलांडताना, काही गाडीतून पडून. पेपरात आकडा येतो तो मेलेल्यांचा. रूळ ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या समोर काचेआड एक माणूस बसलेला असतो, त्याचा आकडा कुठे येत नाही. हॉर्न देतो, इमर्जन्सी ब्रेक टाकतो, पण बारा डब्यांची भरलेली गाडी थांबायला जेवढं अंतर लागतं तेवढं लागतंच. त्या वेळात तुम्हाला करण्यासारखं काही उरत नाही, फक्त बघायचं. मग गार्डला कळवायचं, पुढच्या स्टेशनावर मेमो द्यायचा आणि गाडी पुढे काढायची. मागे गाड्या खोळंबलेल्या असतात.

आमच्यात हे मोजायची पद्धत नाही. माझे एक सहकारी होते, एका ठरावीक फाटकाजवळ आले की सीटवरून उठून उभे राहायचे. विचारलं की म्हणायचे, पाय अवघडतात. मीही मान डोलवायचो. त्या फाटकाचं मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

मला प्रश्न एवढाच आहे की मुक्तछंद ताईंच्या त्या यादीत आमच्यासारखे धरतात का? आम्हाला तर काही लागलं नाही.

मुक्तछंद
मंगळवार, दुपारी २:१०

काका, धरतात. जी यादी जगभर वापरली जाते तिच्यात प्रत्येक घटनेपुढे वेगवेगळे रकाने असतात: माझ्यावर घडलं, मी डोळ्यांनी पाहिलं, माझ्या जवळच्याचं मला कळलं, माझ्या कामाचा भाग म्हणून वाट्याला आलं. तुमचं नाव निदान दोन रकान्यांत येईल. २०१३ च्या नियमावलीत तर कामामुळे पुन्हा पुन्हा असलं बघावं लागणं हे वेगळं नोंदवलं आहे. अपघातस्थळी अवयव गोळा करणारे, बालअत्याचाराचे तपशील रोज ऐकणारे पोलीस, वगैरे. टीव्हीवर बघितलेलं मात्र मोजत नाहीत, ते काम म्हणून बघावं लागत असेल तर गोष्ट वेगळी.

पिंपळपान
मंगळवार, दुपारी ४:४५

काका, साष्टांग. रोज लोकलने येते-जाते, कधी समोरच्या केबिनचा विचार केला नव्हता.

रानवारा
मंगळवार, रात्री ९:३०

मी तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. अपघात विभागात बरीच वर्षं काढली. सर्पदंश, विष प्यायलेले, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरखाली आलेले, आणि भाजलेल्या बायका. भाजलेल्या बाईची हकिगत नेहमी एकच, स्टोव्हचा भडका उडाला. घरात गॅस असला तरी स्टोव्हच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा (२०१९-२१) आकडा देते. १८ ते ४९ वयातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात साधारण २५ टक्के. आणि हिंसा झालेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. म्हणजे बहुतेकींनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते वही घेऊन आलेल्या परक्या बाईपुढे.

मुक्तछंद, ही प्रश्नावली कशी भरतात ते लिहा ना. लोकांना वाटतं सासू समोर बसलेली असताना विचारत असतील.

मुक्तछंद
मंगळवार, रात्री १०:००

नाही. हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारायचे, म्हणजे घरातल्या दुसरीला काय विचारलं ते कळत नाही. खोलीत दुसरं कुणी असलं आणि एकांत मिळणं शक्यच नसलं तर तो भाग विचारायचाच नाही, तसंच नोंदवायचं. मध्ये कुणी आलं तर विषय बदलायचा. आणि प्रश्न 'तुमच्यावर अत्याचार झाला का' असा नसतो. 'थप्पड मारली का', 'हात पिरगाळला का, केस ओढले का', 'लाथ मारली का', असं एकेक कृतीचं विचारतात. अत्याचार म्हटलं की बाई नाही म्हणते. थप्पड म्हटलं की 'ती काय, चालायचीच' असं म्हणून हो म्हणते.

तरीही माझ्या अंदाजाने खरा आकडा याहून मोठाच असणार. खोटं 'हो' म्हणून कुणाला काय मिळतं?

तळ्यातमळ्यात
बुधवार, सकाळी ७:४०

काकांचं वाचून बोलती बंद झाली, ते कबूल. पण आकड्यांचं कोडं सुटत नाही. एवढे अपघात, एवढी मारझोड, पूर, भूकंप, तर मग आपल्याकडे पीटीएसडीचे रोगी ढिगाने हवेत. आहेत का? गणितवाल्यांनी सांगावं.

गणितवाला
बुधवार, सकाळी ९:१५

कागदावर नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, १२ राज्ये, सुमारे ३५ हजार प्रौढ. आयुष्यात कधीतरी कुठला ना कुठला मानसिक आजार झालेले १३.७ टक्के. आणि पीटीएसडी? सुमारे ०.२ टक्के. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. गुजरात होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होता, आपण मध्येच वगळले गेलो.)

आता ०.२ पाहून 'बघा, आपण भारतीय कणखर' म्हणायचा मोह होतो. थांबा. हे चित्र एकट्या भारताचं नाही. २०१६ मध्ये देशादेशांची तुलना झाली तेव्हा असं दिसलं की ज्या देशांत गरिबी आणि असुरक्षितता जास्त, तिथे नोंदलेला पीटीएसडी कमी. कॅनडा, नेदरलँड्ससारख्या देशांत उलट. यावर भांडणं चालू आहेत. एक गट म्हणतो, जिथे संकट सगळ्यांवरच येतं तिथे माणूस एकटा पडत नाही. दुसरा म्हणतो, तिथे लोक त्रास सांगतात पण वेगळ्या भाषेत, आणि प्रश्नावलीला ती भाषा येत नाही.

मी दुसऱ्या गटात. पण माझं मत म्हणजे पुरावा नव्हे.

रानवारा
बुधवार, दुपारी १२:२०

दुसऱ्या गटाला माझं मत. आमच्या ओपीडीत 'मला तो प्रसंग सारखा आठवतो' म्हणत कुणीही येत नाही. छातीत धडधडतं, अंग बधिर होतं, डोकं जड, झोप उडाली, हातापायाला मुंग्या, अशीच वाक्यं येतात. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, जीवनसत्त्वाची गोळी देऊन घरी. केसपेपरवर लिहितात 'अशक्तपणा'.

औसेकर
बुधवार, रात्री १०:४०

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पाचवीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक उशिरा निजले आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. भूकंपमापनाच्या हिशेबात तो फार मोठा नव्हता, सहाच्या थोडासा वर. पण आमच्याकडे माळवदाची घरं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंडगार, आणि हलली की सगळं अंगावर. हजारो माणसं निजल्या जागी गाडली गेली.

नंतर पत्र्याचे शेड, मग नवी गावं. ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सुटी-सुटी घरं. माझ्या आत्याला सिमेंटचं घर मिळालं. त्या घरात ती कित्येक वर्षं निजली नाही. पावसाळ्यातही बाहेर ओट्यावर, वर प्लास्टिकचा कागद. कुणी विचारलं तर म्हणायची, आत उकडतंय. डिसेंबरातही उकडायचं तिला.

गणितवाला म्हणतात तो पहिला गटही मला पटतो. आमच्याकडे कुणी कुणाला 'तुझं काय झालं' म्हणून विचारत नव्हतं, सगळ्यांचंच झालेलं. एकत्र रडलो, एकत्र जेवलो, बाहेरून मदतीला आलेल्यांनी भाकरी दिल्या त्या वाटून खाल्ल्या. मला वाटतं त्याने पुष्कळ जण तरले. पण नव्या गावात जुने शेजार राहिले नाहीत. गल्ली मोडली, आत्याची शेजारीण दुसऱ्या टोकाला गेली. त्यानंतरचे दिवस भूकंपाच्या दिवसांपेक्षा वाईट गेले असं आई म्हणायची.

लोकलकाका
बुधवार, रात्री ११:१०

पाय अवघडतात आणि आत उकडतंय. औसेकर ताई, नमस्कार.

शमा_मिशिगन
गुरुवार, पहाटे ५:३५

गणितवाला यांनी डेट्रॉइटचा उल्लेख केला म्हणून लिहिते, आम्ही तिथून तासाभरावर राहतो. त्या पाहणीबद्दल एक भर: ती १८ ते ४५ वयाच्या सुमारे दोन हजार लोकांची, टेलिफोनवरची होती. त्यातल्या पीटीएसडीच्या सगळ्या केसेसपैकी जवळपास एक तृतीयांश केसेस जवळच्याच्या अचानक मृत्यूमुळे होत्या. बलात्कारासारख्या घटनेनंतर आजाराची शक्यता कितीतरी जास्त असते, पण अचानक मृत्यू इतका सर्रास आहे की बेरजेत तोच मोठा ठरतो.

आता माझा प्रश्न. एप्रिल २०२१. माझे बाबा नाशिकला ऑक्सिजनची वाट बघत गेले. अंत्यसंस्कार मी व्हॉट्सॲपच्या व्हिडिओवर पाहिला. पीपीई किट घातलेली परकी माणसं, आणि फोन धरणाऱ्या चुलतभावाचा हात थरथरत होता. इथल्या आमच्या मंडळात त्या महिन्यात असे व्हिडिओ पाहिलेली बरीच घरं आहेत. २०१३ च्या नियमाने बाबांचा मृत्यू 'नैसर्गिक', हिंसक नाही, अपघाती नाही, आणि मी तो पडद्यावर पाहिला. म्हणजे मी शून्य रकान्यांत?

गोदाकाठ
गुरुवार, सकाळी १०:००

शमा, नमस्कार. मी समुपदेशक आहे, आपल्याच नाशिकची. अमेरिकन नियमावलीच्या काटेकोर अर्थाने तुम्ही म्हणता तसंच होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११ (२०२२ पासून लागू), इतकी आखडून धरत नाही, 'अत्यंत भयावह किंवा धोक्याची घटना' एवढंच म्हणते. शिवाय दोन्हीकडे आता दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाचं वेगळं निदान आलंय, अमेरिकन नियमावलीत २०२२ मध्ये. मोजणाऱ्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मदत घ्यायला कुठल्याच रकान्यात बसावं लागत नाही.

बाकीच्यांसाठी, धागा वाचून एक-दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली, बहुतेक माणसं घटनेतून आपोआप सावरतात. सुरुवातीचे दिवस झोप न येणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे जवळपास सगळ्यांना होतं आणि बहुतेकांचं आठवड्यांत ओसरतं. महिना उलटून गेला, तरी तेच चालू असेल आणि काम, नाती, झोप यांचा बोजवारा उडत असेल तेव्हा काळजी करायची. त्यात आधीही असं काही भोगलेलं असणं, घटना माणसानेच मुद्दाम केलेली असणं, आणि घटनेनंतर घरच्यांनी साथ न देणं यांनी धोका वाढतो. औसेकर ताई गल्ली मोडण्याबद्दल बोलल्या ते म्हणूनच महत्त्वाचं.

दुसरी, घटना झाल्या झाल्या माणसाला समोर बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी फार जोरात होती. तिचे प्रयोग तपासले गेले तेव्हा उपयोग दिसला नाही, काहींचा त्रास वाढल्याचंही दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की ते करू नका, आणि पहिल्या महिन्यात त्या त्रासासाठी डायझेपामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्याही देऊ नका. आपल्याकडे उलट होतं. कुणी गेलं की घरातल्या बाईला पहिल्याच रात्री गोळी. त्यापेक्षा जेवण, पाणी, सोबत, फोन लावून देणं, मुलांना सांभाळणं. बोलावंसं वाटलं तर ऐका, नाही वाटलं तर शेजारी बसा.

तळ्यातमळ्यात
गुरुवार, सकाळी ११:२५

गोदाकाठ ताई, राग मानू नका, पण ७० टक्के ट्रॉमाग्रस्त म्हटल्यावर तुमच्या व्यवसायाचं दुकान जोरात चालणार ना?

गोदाकाठ
गुरुवार, सकाळी ११:५०

आत्ताच तर सांगितलं की बहुतेकांना माझी गरज पडत नाही. असं दुकान कोण चालवतं?

योगसाधक
गुरुवार, दुपारी १:००

रोज ब्राह्ममुहूर्तावर उठून अनुलोम-विलोम केल्यास कुठलाही ट्रॉमा एकवीस दिवसांत नाहीसा होतो. अधिक माहितीसाठी माझा व्हॉट्सॲप ग्रुप...

व्यवस्थापक
गुरुवार, दुपारी १:१५

दुवा काढला आहे. जाहिराती जाहिरातींच्या विभागात. विषयाला धरून लिहावे.

नवीन_आयडी_७
गुरुवार, रात्री ११:३०

वाचत होते, लिहू की नको करत होते. माझ्या मिस्टरांचा एक्सप्रेसवेवर अपघात झाला होता. त्यांना खरचटलं फक्त, पण शेजारी बसलेला मित्र जागेवर गेला. दीड-दोन वर्षं झाली. गाडी विकली. बस नको, ट्रेननेच जाऊ म्हणतात. मुलगा गाडी शिकायचं म्हणाला तर घर डोक्यावर घेतलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल बघत बसतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की, मला काय झालंय, ज्याला झालं तो गेला. काय करू?

गोदाकाठ
शुक्रवार, सकाळी ८:१०

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. लांबून निदान करणार नाही. पण गाडी टाळणं, रात्री जागणं, भडकणं हे इतके दिवस चालू आहे तर तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. 'तुम्हाला ट्रॉमा झालाय' असं म्हणू नका, ते आणखी अडून बसतील. झोपेपासून सुरुवात करा. 'झोप लागत नाही त्यासाठी एकदा दाखवू' याला पुरुष माणसं तयार होतात. यावर चांगले उपचार आहेत. आठवणीवर थेट काम करणारी मानसोपचारांची पद्धत, डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर पद्धत, गरज पडली तर औषधं. वर्षं उलटून गेली तरी उपयोग होतो. आधी तुम्ही स्वतः बोलून बघा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि ते कधी जगण्यात अर्थ नाही अशी भाषा बोलले तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

गणितवाला
शुक्रवार, सकाळी ९:४०

नवीन_आयडी ताई, तुमच्या घरासारखी किती घरं असतील बघा. २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार रस्ते अपघात नोंदले गेले, १ लाख ६८ हजार मृत्यू, ४ लाख ४३ हजार जखमी. एका वर्षात. तुमचे मिस्टर यातल्या कुठल्याच आकड्यात बहुधा नसतील, खरचटलेल्याला कोण नोंदवतं. शेजारच्या सीटवरचे, मागच्या गाडीतून उतरून धावलेले, पंचनाम्याला उभे राहिलेले, सगळे बाहेर. सत्तर टक्के जास्त वाटतात त्यांनी एवढा एकच गुणाकार करून बघावा, वीस-तीस वर्षांचा.

आणखी एक हिशेब बरेच दिवस डोक्यात आहे. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बाल-अत्याचाराची पाहणी प्रसिद्ध केली, १३ राज्ये, त्यांत महाराष्ट्रही. पाच ते अठरा वयाची १२,४४७ मुलं. ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला, मुलगे आणि मुली जवळपास सारखेच. निम्मे अत्याचारी ओळखीतले. त्या वेळी खळबळ माजली आणि विरली. पण ती मुलं आता कुठे आहेत? पंचविशीत-तिशीत. आपल्या ऑफिसात आहेत, या धाग्यावर आहेत. 'प्रौढांमध्ये किती' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तेव्हाच छापून झालेलं आहे.

पिंपळपान
शुक्रवार, दुपारी २:००

पण मोठेपणी विचारलं तर ती माणसं सांगतील का? आठवेल का?

मुक्तछंद
शुक्रवार, दुपारी ३:३०

पिंपळपान, फार मोलाचा प्रश्न. २०१९ मध्ये यावरचे सोळा अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. लहानपणीच ज्यांच्यावरच्या अत्याचाराची नोंद झाली होती, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी मोठेपणी विचारल्यावर तसं काही सांगितलं नाही. उलट, मोठेपणी ज्यांनी सांगितलं त्यांतल्याही निम्म्याहून जास्त लोकांची लहानपणी नोंद नव्हती. म्हणजे दोन वह्या, आणि दोन्हींत बरीचशी वेगळी नावं. ही माणसं खोटं बोलतात असा याचा अर्थ मी लावत नाही. बहुतेक अत्याचार कुठल्याच वहीत चढत नाहीत, आणि चढलेले सगळे माणूस परक्याला सांगत नाही.

जाता जाता: काही जणांनी व्यक्तिगत निरोपातून ती यादी मराठीत मागितली आहे. वेगळ्या धाग्यावर टाकू का? प्रत्येकाने आपलं आपण भरून बघावं, आणि इथे फक्त आकडा लिहावा. या संस्थळाचे सत्तर होतात की नव्वद ते तरी कळेल.

रानवारा
शुक्रवार, रात्री ९:१५

नको, कृपा करून नको. उद्या कुणीतरी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकेल. सासू भरेल, सून भरेल, आणि नवरा मागून डोकावेल. तुम्ही गावात जाता तेव्हा एकांत बघता, विषय बदलता, शेवटी बसून पाणी पिऊन निघता. रात्री दीड वाजता एकटीने मोबाइलवर ती भरणाऱ्या बाईजवळ कोण असणार आहे?

गोदाकाठ
शुक्रवार, रात्री ९:४०

रानवारा यांना अनुमोदन. अशी प्रश्नावली समोर माणूस असताना भरायची असते.

तळ्यातमळ्यात
शुक्रवार, रात्री १०:०५

मी तर म्हणतो टाका. मोठ्या माणसांना काय वाचायचं ते आपण कोण ठरवणार? इथे चार दिवस जे चाललंय ते वाचूनच मी आईला फोन करून आजीबद्दल विचारलं, नाहीतर जन्मात विचारलं नसतं. पाऊण तास बोलली ती.

मुक्तछंद
शुक्रवार, रात्री १०:३०

यादी टाकत नाही. ज्यांना अभ्यासासाठी हवी आहे त्यांनी कुठल्या संस्थेसाठी, कुणाच्या देखरेखीखाली ते निरोपात लिहावं. तळ्यातमळ्यात, आईंनी काय सांगितलं ते, त्यांची हरकत नसेल तर, इथे लिहा.

तळ्यातमळ्यात
शुक्रवार, रात्री १०:४५

आईला विचारतो आधी.